प्रा. आ. केंद्रातून प्रश्न आला, आता? वैद्यकीय ग्रंथालयात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

"मॅडम, विंचवावर काही पेपर आहे का?"

संध्याकाळी पावणेसहाला, कपाटांना कुलपं लावत असताना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज. पाठवणारे डॉक्टर आमच्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेले, बाँडचं वर्ष भरायला कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेले. मी तेव्हा नवीन होते. उत्साहाच्या भरात घरी जायची एसटी चुकवून पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतून सोळा पीडीएफ काढल्या आणि धाडून दिल्या. "थँक्यू मॅडम" आलं, पुढे हात जोडल्याची खूण. महिन्याभराने ते भेटले तेव्हा कळलं की सोळातली एकही फाइल उघडली गेली नव्हती. केंद्रात नेटची रेंज धड नाही, ओपीडीत रोज शंभरावर माणसं, आणि त्यांना हवं होतं ते एका ओळीचं उत्तर.

बी. लिब.ला वर्गीकरण आणि तालिकीकरण घोटून घेतात. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर वैद्यकीय पुराव्यातून कसं काढायचं, हे मात्र नोकरीत पडल्यावरच शिकावं लागतं. रंगनाथनांचं चौथं सूत्र, 'वाचकाचा वेळ वाचवा', परीक्षेत सगळेच लिहितात. मी सोळा फाइली पाठवून डॉक्टरांचा वेळ वाचवायच्या ऐवजी शोधायचं काम त्यांच्यावरच टाकलं होतं.

हे काम आपलं आहे का, अशी शंका येत असेल तर थोडी पूर्वपीठिका सांगते. १९७१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीला गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना वॉर्डातल्या राउंडवर डॉक्टरांबरोबर पाठवायला सुरुवात केली. 'क्लिनिकल लायब्रेरियन' ही जात तिथून सुरू झाली. प्राथमिक सेवेतल्या डॉक्टरांसाठी कॅनडात ओटावाच्या चमूने केलेली चाचणी २००८ मध्ये प्लॉस वनमध्ये छापून आली. त्यात डॉक्टर प्रश्न पाठवत आणि ग्रंथपाल तिथल्या तिथे उत्तर काढून देत. एका प्रश्नाला ग्रंथपालाला सरासरी १४ मिनिटं लागली. डॉक्टरांच्या प्रश्नांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१४ मध्ये आला. डॉक्टरांच्या मनात आलेल्या प्रश्नांपैकी साधारण निम्म्यांच्याच मागे ते लागतात, आणि मागे लागले की ७८ टक्के वेळा उत्तर मिळतं, असं त्यात दिसलं. न लागण्याची मुख्य कारणं दोन: वेळ नाही, आणि उत्तर मिळेल असा भरवसा नाही. या दोन्ही गोष्टी आपण देऊ शकतो.

पायरी १: आधी ओळख

'ग्रंथालयात या' असं पत्र तालुक्याला पाठवून काही होत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यक) विभागाचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र असतं, इंटर्नची पोस्टिंग तिथे लागते. पहिले गिऱ्हाईक हेच इंटर्न. पीएसएमच्या प्राध्यापकांना गाठून त्यांच्या गाडीतून एकदा केंद्रावर जाऊन या. नेट चालतं का, संगणक कोणाच्या टेबलावर आहे, औषधांच्या साठ्याची यादी कुठे लावली आहे, हे डोळ्यांनी बघा. त्यानंतर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे महिन्याच्या एमओ (वैद्यकीय अधिकारी) मीटिंगमधली दहा मिनिटं मागा. तिथे स्लाइड दाखवत बसू नका. आधीच्या कोणाच्या तरी प्रश्नाचं एका पानाचं उत्तर वाटा आणि तुमचा नंबर द्या.

पायरी २: प्रश्न नीट धरा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. नवीन माणसाला शोध म्हणजेच काम वाटतं, पण निम्मं काम फोनवर, प्रश्न विचारणाऱ्याशी बोलताना होतं.

'विंचवावर काही पेपर' हा प्रश्न नव्हे, हा विषय झाला. मी आता अशा वेळी फोन करते आणि पहिलं हे विचारते: "सर, पेशंट आत्ता समोर आहे का?" असेल तर हे काम आपलं नाही. उपजिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनला फोन आणि १०८ला फोन, एवढंच सांगायचं आणि मध्ये यायचं नाही. ग्रंथपालाने कधीही 'हे द्या, ते देऊ नका' म्हणू नये. पुरावा काय म्हणतो ते आपण सांगतो, निर्णय त्यांचा.

पेशंट समोर नसेल तर पुढे चला. मोठी माणसं की मुलं? नुसती दंशाची जागा दुखते, का दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, छातीत धडधड अशी लक्षणं? केंद्रात प्राझोसिन (विंचूदंशावर देतात ते औषध) आहे का? विंचवाचं प्रतिविष (अँटिव्हेनम) मिळतं का? आणि शेवटी, "नक्की कशावर अडलं आहे?"

त्या संध्याकाळी हे विचारलं असतं तर कळलं असतं की प्राझोसिन तिथे नेहमीच द्यायचे. अडलं होतं एवढंच: लक्षणं दिसणाऱ्या रुग्णाला प्राझोसिनबरोबर प्रतिविषही द्यावं का, आणि साठा मागवावा का? मागणीपत्रात कारण लिहायचं होतं. माझ्या सोळांतल्या चौदा फाइली यासाठी निरुपयोगी होत्या.

'विंचवाच्या विषाने नेमकं काय होतं?' अशा प्रकारचा प्रश्न निराळा. त्याला पाठ्यपुस्तक पुरतं, पबमेड उघडायचं कारण नाही. 'याला हे द्यावं की ते?' असा प्रश्न आला की पुढच्या पायऱ्या लागतात.

आणखी एक. डॉक्टर घाईत केसपेपरचा फोटो पाठवतात. रुग्णाचं नाव, गाव, नंबर दिसत असेल तर तो फोटो तिथल्या तिथे पुसून टाका आणि 'वय, लिंग, लक्षणं एवढंच पुरे' असं नम्रपणे सांगा. डॉक्टर रागावत नाहीत.

पायरी ३: चार तुकडे

रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम काय हवा. १९९५ पासून पुराव्याधारित वैद्यकाची मंडळी हा साचा 'पिको' नावाने वापरतात. आपल्या प्रश्नात रुग्ण म्हणजे लाल विंचू चावून अंगभर लक्षणं दिसणारा माणूस. उपाय प्राझोसिन अधिक प्रतिविष. तुलना नुसत्या प्राझोसिनशी. परिणाम म्हणजे लक्षणं किती तासांत पूर्ण जातात, आणि अर्थातच जीव. चार ओळी कागदावर लिहा आणि डॉक्टरांना वाचून दाखवा. "हो, हेच" असं ऐकू येईपर्यंत संगणकाला हात लावायचा नाही.

पायरी ४: कुठे आणि कोणत्या क्रमाने

वरून खाली या, म्हणजे तयार निष्कर्षांकडून सुट्या लेखांकडे. आधी आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचना: केंद्र आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या, तसंच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१९ पासून काढलेले 'स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो'. एका आजाराला एक पान, आणि तेही इथल्या केंद्रांत काय मिळतं ते धरून केलेलं. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेच्या उपचार-सूचना भक्कम असतात, पण त्यांची औषधं आणि तपासण्या आपल्या केंद्रात नसल्या तर त्या कागदावरच राहतात. विंचवासारख्या प्रश्नाला तर नाइसकडे बघायचंही कारण नाही.

नंतर कॉक्रेन लायब्ररी, म्हणजे चाचण्या एकत्र तपासून लिहिलेल्या आढाव्यांचा संग्रह. आयसीएमआरने २००७ मध्ये देशभरासाठी तिची वर्गणी भरून ती भारतात सर्वांना खुली केली होती. तुमच्या संगणकावर आज पूर्ण मजकूर उघडतो का ते एकदा तपासून ठेवा. सोप्या भाषेतले सारांश तर कुणालाही फुकट दिसतात. त्यानंतर ट्रिप, म्हणजे वैद्यकीय पुराव्याचं शोधयंत्र. वेल्समधल्या ग्वेंटला नव्वदच्या दशकात डॉक्टरांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याची अशीच एक सेवा चाले, त्या कामातून ट्रिप जन्मलं. म्हणजे आपल्याच धंद्यातलं अपत्य. सूचना, आढावे आणि चाचण्या त्यात वेगवेगळ्या रंगांत दिसतात. पबमेडचा नंबर यानंतर.

गुगल स्कॉलर लेखाचं अर्धवट आठवणारं नाव शोधायला चांगलं, बाकी कामाला नाही. एआयच्या चॅटला विचारायचं तर समानार्थी शब्द विचारा. संदर्भ मागितले तर ते खोटेही देतं, इतके सुबक की लेखक, वर्ष, पान क्रमांक सगळं जागच्या जागी. दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये सापडला तरच खरा धरायचा.

पायरी ५: पबमेड

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने पबमेड १९९७ मध्ये सर्वांना फुकट खुलं केलं. त्याच्या पोटात 'मेश' नावाची विषयशीर्षकांची यादी आहे. १९६० पासून चालत आलेली, दरवर्षी सुधारली जाणारी. सीअर्स सूची वापरलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. तुम्ही 'अँटिव्हेनम' टाइप केलं की पबमेड मागच्या मागे ते 'अँटिव्हेनिन्स' या अधिकृत शीर्षकाशी जुळवून घेतं. पण शब्द अवतरणचिन्हांत घातला की ही जुळवणी बंद पडते. नवशिके अवतरणचिन्हं भारी वाटतात म्हणून सगळीकडे लावतात आणि निम्मे लेख हातचे घालवतात. 'अँड', 'ऑर' इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहा, आणि कंस घाला, कारण पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं.

आता विंचवाची खरी गंमत. कोकणातल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव आज हॉटेंटोटा टॅम्युलस. परवापरवापर्यंतच्या बहुतेक लेखांत मेसोबुथस टॅम्युलस. त्याहून जुन्यांत बुथस टॅम्युलस. पहिला शब्द बदलत गेला, 'टॅम्युलस' कायम राहिला. म्हणून फक्त 'टॅम्युलस' टाका, 'अँड' लावून प्राझोसिन आणि अँटिव्हेनम कंसात 'ऑर'ने जोडा. जगभराचे विंचू गळून पडतात आणि उरतात ते बहुतेक आपल्या भागातले लेख. असं युक्तीचं एक नाव बऱ्याच प्रश्नांत सापडतं. ते शोधायला पाच मिनिटं खर्ची घाला.

फार लेख आले तर 'क्लिनिकल क्वेरीज' उघडा, 'थेरपी' निवडा, व्याप्ती 'नॅरो' ठेवा. एकही लेख आला नाही तर एकेक तुकडा काढत जा, परिणामाचा तुकडा सगळ्यात आधी. माझी शोधाची वाक्यं मी एका नोंदवहीत जशीच्या तशी उतरवून ठेवते. कशासाठी, ते शेवटी सांगते.

पायरी ६: सापडलं ते कुणाचं?

चाचणीचा निकाल वाचण्याआधी रुग्ण कोण होते ते वाचा. याच प्रश्नावर तीन आरसीटी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडून केलेल्या चाचण्या, शेजारी शेजारी ठेवून बघा.

ट्युनिशियातली १९९९ सालची, लॅन्सेटमध्ये छापलेली. ८२५ रुग्ण. लक्षणं कितीही सौम्य असोत, सरसकट प्रतिविष दिलं तर फायदा नाही, असा निष्कर्ष. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातली २००९ ची, न्यू इंग्लंड जर्नलमधली. फक्त १५ मुलं, सगळी अत्यवस्थ. प्रतिविषाने ती झपाट्याने सुधारली. तिसरी आपल्या महाडची, बीएमजेमध्ये २०११ साली आलेली: डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची. ७० रुग्ण. प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जणांची लक्षणं दहा तासांत पूर्ण गेली. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जणांची.

नुसते निकाल पाठवले तर डॉक्टर चक्रावतील. ट्युनिशियातला विंचू निराळा, अ‍ॅरिझोनातला तर हृदयापेक्षा मज्जासंस्थेवर हल्ला करणारा. आपल्या डॉक्टरांच्या ओपीडीत येतो तो टॅम्युलस. ८२५ हा आकडा मोठा म्हणून तीच चाचणी वर ठेवली असती तर चुकलंच असतं.

महाडच्या चाचणीलाही तिच्या मर्यादा आहेत आणि त्या उत्तरात लिहायच्या. एकाच ठिकाणची, ७० जणांची, आणि कोणाला काय दिलं हे डॉक्टर-रुग्ण दोघांना माहीत असलेली. मृत्यू टळतात का, हे एवढ्या लहान चाचणीत कळणं अवघड. सोबत चिपळूणची २०१० ची, जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनमधली चाचणीही जोडावी. आणि श्रीलंकेच्या संशोधकांचा २०१७ चा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, ज्यात सगळ्या देशांतल्या चाचण्या विंचवाच्या जातीनुसार वेगळ्या करून मांडल्या आहेत. खरं तर वरून खाली आलं की हा रिव्ह्यू आधी सापडतो आणि अर्धं काम तिथेच होतं.

जाता जाता सांगायलाच हवं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, आणि विंचूदंशावरची त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये लॅन्सेटने छापली. प्राझोसिनबद्दलचा लेखही तिथेच, १९८६ मध्ये. केंद्रातले डॉक्टर आपल्याकडे पुरावा मागायलाच येतात असं नाही. कधी ते स्वतः वहीत काहीतरी टिपत असतात, आणि 'यावर आधी कुणी लिहिलंय का' एवढंच त्यांना हवं असतं. असा प्रश्न आला तर हातातली बाकीची कामं बाजूला ठेवा.

नावाजलेलं जर्नल म्हणून डोळे मिटू नयेत. कोविडमध्ये दिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला लेख २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. पबमेडमध्ये मागे घेतलेल्या लेखावर तशी ठळक सूचना असते. पाठवण्याआधी प्रत्येक लेखाचं पान स्वतः उघडून बघा, गेल्या वर्षी डाउनलोड केलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

पायरी ७: एक पान

सगळ्यात वर त्यांचा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. खाली दोन ओळींत उत्तर. मग आधार: कोणती चाचणी, कुठली, किती रुग्ण. टक्केवारीपेक्षा '३५ पैकी ३२' असं लिहा, वाचणाऱ्याला ते चटकन कळतं. मग 'हे सापडलं नाही' अशी एक ओळ. विंचवाच्या पानावर मी आता लिहिते: 'मृत्यूच्या प्रमाणावर परिणाम होतो का, हे या चाचण्यांवरून ठरवता येत नाही.' शेवटी शोधाची तारीख आणि कुठे कुठे शोधलं ते. पान व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून पाठवा, पीडीएफ वेगळी. रेंज कमी असेल तर निदान चित्र तरी उघडतं.

भाषेचा घोळ घालू नका. डॉक्टर इंग्रजीतून शिकलेले असतात, औषधांची नावं आणि मात्रा इंग्रजीतच लिहा. दोन ओळींचं उत्तर मात्र मी मराठीतच लिहिते, कारण ते वाचून झाल्यावर सिस्टरांना किंवा औषध निर्माण अधिकाऱ्यांना दाखवलं जातं.

पहिली पाचसहा पानं बाहेर पाठवण्याआधी मेडिसिन किंवा पीएसएमच्या कुणा प्राध्यापकांना वाचायला द्या. ते चुका काढतील. काढू द्या.

पायरी ८: पूर्ण लेख कसा द्यायचा

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सरकारी महाविद्यालयांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं मिळू लागली. पण ती संस्थेच्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी. आरोग्य केंद्रातले डॉक्टर त्या परवान्यात बसत नाहीत, म्हणून तिथून उतरवलेली पीडीएफ एमओंच्या ग्रुपवर टाकायची नाही. दबाव येतो, 'मॅडम, कोण बघतंय' असंही ऐकावं लागतं. तरी नाही.

मार्ग बरेच आहेत. बीएमजेचे संशोधन लेख खुले असतात, म्हणजे महाडची चाचणी कुणालाही वाचता येते. चिपळूणची आणि २०१७ चा रिव्ह्यूसुद्धा. पबमेड सेंट्रल बघा. काहीच नसेल तर लेखकाला दोन ओळींचं ईमेल करा, बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात. आणि आपण स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं एक पान कुणालाही देता येतं.

पायरी ९: नोंदवही

प्रत्येक प्रश्नाला क्रमांक, तारीख, चार तुकडे, शोधाचं वाक्य, उत्तराचं पान, लागलेली मिनिटं. शेवटचा रकाना 'पुढे काय झालं' असा. तो भरण्यासाठी पंधरा दिवसांनी फोन करावा लागतो, आणि नवीन माणसं हाच फोन टाळतात. करा. माझ्या वहीत त्या रकान्यात कधी 'साठा मागवला' असतं, कधी 'बदली झाली', कधी नुसतं 'वाचलं नाही'.

जुने प्रश्न परत येतात, म्हणून शोधाचं वाक्य जपायचं. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात, मी विंचवाचं आणि सर्पदंशाचं वाक्य पबमेडमध्ये पुन्हा चालवते, गेल्या तारखेनंतरचं काही आलंय का बघते आणि पानावरची तारीख बदलते. वीस मिनिटांचं काम. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्याच केंद्रातून, बाँडवरच्या दुसऱ्याच डॉक्टरांचा मेसेज आला: "मॅडम, विंचवावर काही आहे का?" फोन केला, पेशंट समोर नाही ना ते विचारलं, कशावर अडलंय ते विचारलं. पान चौथ्या मिनिटाला गेलं. पंधरा दिवसांनी करायचा फोन अजून बाकी आहे.